वानगीचा तांदूळ

माघ महिन्यात आमच्या बेडशाच्या गोदामात इतक्या किमतीचा तांदूळ होता, की त्यात उर्स्याचा टोलनाका विकत घेऊन वर आठवडाभर सगळ्या गाड्या फुकट सोडता आल्या असत्या. हे मी म्हणत नाही, कॉम्प्युटर म्हणत होता. मारुतीआबांनी तो आकडा कागदावर छापून घेतला, सभेत उभं राहून वाचला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापर्यंत त्यातला एक दाणाही विकला गेलेला नव्हता.

गोदाम आमच्या कंपनीचं. लेणीपायथा इंद्रायणी भात शेतकरी उत्पादक कंपनी असं तिचं नाव आहे. नाव लांबलं, कारण ते ठरवताना प्रत्येकाचं एकेक ऐकावं लागलं. मारुतीआबा तिचे अध्यक्ष. अध्यक्षाला लागणारा मुख्य गुण, म्हणजे सगळे उठून गेले तरी बसून राहणं, तो त्यांच्यात भरपूर आहे. भातगिरणी आणि गोदाम बघते राजेश्वरी. ती गावचीच मुलगी. तळेगावच्या एका कारखान्यात मालाच्या कोठारावर होती, ते सोडून इकडे आली. गावाला आधी वाटलं, तिथं काहीतरी बिनसलं असणार. चांगली नोकरी सोडून कुणी तांदळाजवळ येईल यावर तांदूळ पिकवणाऱ्यांचा विश्वास बसत नाही.

राजेश्वरीच्या डोक्यात गोष्ट सरळ होती. आमचा इंद्रायणी कामशेतच्या व्यापाऱ्याकडे जायचा आणि तिथून पुढं कुणाच्या तरी नावानं विकला जायचा. तो आपल्या नावानं विकायचा. लोणावळ्यात याह्याभाईंचं हॉटेल आहे, मावळी थाळीसाठी नावाजलेलं. तिथं शनिवार-रविवारी लोक टेबल रिकामं व्हायची वाट बघत रस्त्यात उभे असतात. त्यांना वर्षभर तांदूळ लागतो. ते गिऱ्हाईक धरायचं.

पण गोदामावर आणखी एकाचा डोळा होता. मारुतीआबांचा पप्पू पवना धरणाच्या काठाला तंबू लावतो. मुंबईची माणसं त्यात झोपायला येतात आणि झोपत नाहीत. पावसाळ्यात ते तंबू घडी घालून ठेवायला त्याला कोरडी जागा हवी होती, आणि आख्ख्या पवन मावळात इतकी कोरडी जागा दुसरी नव्हती. आबांनी बापाचं आणि अध्यक्षाचं मन एकदमच राखलं. भर सभेत म्हणाले, "पोरी, लोनावळ्याचं गिऱ्हाईक होळीच्या आत जमलं तर गोदाम तुजं. न्हाई जमलं तर पप्पूचं तंबू."

राजेश्वरी म्हणाली, "चालंल." एवढंच. जणू तिला चहा विचारला होता.

मग तिनं कॉम्प्युटरवर हिशेबाची नवी प्रणाली घेतली. ती शिकवायला पुण्याहून अपेक्षा नावाची मुलगी आली. स्वभावानं गोड, पण प्रश्न विचारायची सवय. तिनं भिंतीवर पडदा लावला आणि विचारलं, "तुमच्या साठ्याचं मूल्य कोणत्या तपशिलाच्या पातळीवर काढायचं?"

सभेत शांतता पसरली. आमच्याकडे अशी शांतता एकतर कुणी गेल्यावर पसरते, नाहीतर वर्गणीचा विषय निघाल्यावर.

अपेक्षानं समजावून सांगितलं. पहिली पातळी म्हणजे सगळा इंद्रायणी एक, त्याची किंमत एक. दुसरी पातळी म्हणजे गोदामाप्रमाणे. गिरणीतल्या तांदळाची वेगळी, शाळेच्या जुन्या खोलीत ठेवलेल्याची वेगळी. तिसरी म्हणजे लॉटप्रमाणे. ज्यानं जसा आणून टाकला त्याचा तसा स्वतंत्र ढीग आणि त्याची स्वतंत्र किंमत. राजेश्वरी म्हणाली, आपल्याला पहिली पुरे.

इथं सीतारामभाऊ उठले. सीतारामभाऊंचं खाचर लेण्यांच्या डोंगराला अगदी चिकटून आहे. त्याच्या खालचं खाचर भिकाजीआबांचं. मधे एक बांध आहे आणि बांधावरून दोघांचं जन्मभराचं बोलणं आहे. भाऊंचं म्हणणं असं, की डोंगरातनं उतरणारं पाणी पहिलं त्यांच्या भाताला लागतं, म्हणून वास त्यांच्याच भाताला. तो भिकाजीच्या भाताशी एका ढिगात जाणार नाही. भिकाजीआबा बसूनच बोलले, की भाऊचं बरोबर आहे, वास तिथं उतरतो, पण पाण्याबरोबर वाहून खाली येतो आणि राहतो आमच्यात.

मग बयाबाई म्हणाल्या, त्यांचं खाचर ओढ्याकाठचं, त्याला या दोघांशी मोजूच नये. मग ज्यांची खाचरं ना डोंगराला ना ओढ्याला, त्यांनीही आपापली कारणं शोधून काढली. एकानं तर त्याच्या भातावर सकाळचं ऊन पहिलं पडतं असं सांगितलं, आणि ऊन पडलेलं सगळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे कुणाला नाही म्हणता येईना.

अपेक्षा मधेच हात वर करून एक गोष्ट सांगत होती: माल कुणाचा हे लिहिण्याची पातळी वेगळी ठेवता येते आणि किंमत काढण्याची वेगळी. नाव लॉटला राहतं, किंमत सगळ्यांची एक. पण नेमक्या त्याच वेळी कांदाभजी आली. तिचं ते वाक्य ऐकणारी माणसं दोनच, राजेश्वरी आणि भजी न खाणारा मी. मला पित्त आहे.

तिसरी पातळी एकमतानं मंजूर झाली. आमच्या गावात एकमत होतं ते फक्त वेगळं राहण्यावर.

त्या दिवसापासून गिरणी लॉटप्रमाणे चालू झाली. एकाचं भात भरडून झालं की यंत्र थांबवायचं, झाडून काढायचं, मग दुसऱ्याचं. जाताना-येताना माणसं डोकावून बघत, आपल्या तांदळात शेजाऱ्याची कणी तर आली नाही ना. प्रत्येक लॉटला किंमत लिहायची वेळ आली तेव्हा राजेश्वरीनं प्रत्येकाला खर्च विचारला. सीतारामभाऊंनी आपला आकडा सांगितला. भिकाजीआबांनी तो कुठून तरी ऐकला आणि त्यात एक रुपया घालून आपला सांगितला. दुसऱ्या दिवशी भाऊ परत आले. म्हणाले, बैलांची वैरण धरायची राहून गेली. भाऊंनी बैल विकून भाड्याचा ट्रॅक्टर सांगायला सुरुवात केल्याला बरीच वर्षं झाली आहेत. पण राजेश्वरीनं वैरणही धरली. मग आबांना आठवलं, की त्यांनाही बैल होते.

हे सगळ्यांनी केलं. माझी स्वतःची दोन पोती आहेत. मी त्यात राखणीचा खर्च धरला, कारण संध्याकाळी मी त्या बाजूला फिरायला जातो.

महिन्याभरात तो टोलनाक्याचा आकडा तयार झाला. गावाला एक वेगळाच ताठा आला. तपशिलाची पातळी हा शब्द तर घराघरात गेला. बयाबाईंच्या सुनेनं पाहुण्यांना काय करू असं विचारलं, तर बयाबाई म्हणाल्या, "पैल्या पातळीचा चा टाक. सोयरं न्हाईत, नुसतं वळकीचं हायेत."

याच काळात राजेश्वरीनं याह्याभाईंना वानगी पाठवायची ठरवली. वानगी म्हणजे माल घेण्याआधी गिऱ्हाईकाला दाखवायचे चार दाणे. ती म्हणाली, कुठल्याही एका लॉटमधला पाठवते. गाव उसळलं. सीतारामभाऊंचा गेला तर भिकाजीआबांनी तोंड कुठं दाखवायचं, आणि आबांचा गेला तर भाऊ गाव सोडणार होते. शेवटी आमच्याकडे सगळ्या पंक्तींना लागतो तोच नियम लागला, कुणाला वगळायचं नाही. प्रत्येकाच्या ढिगातून एकेक मूठ घ्यायची. राजेश्वरी पिशवी धरून उभी राहिली आणि सभासद रांगेनं येऊन मूठ टाकून गेले. काहींच्या मुठी बऱ्याच मोठ्या होत्या. पिशवी फुगली, सुतळीनं बांधली आणि लोणावळ्याला गेली.

चार दिवसांनी याह्याभाईंचा फोन आला. त्यांच्या घरात चवीचा शेवटचा शब्द त्यांच्या बायकोचा, शहनाजभाभींचा. भाभींनी तांदूळ घरी शिजवला होता आणि त्या दिवशी घरात दोनदा भात झाला होता. वर्षभराचा तांदूळ आमचाच घेतो, दर कळवा, असं याह्याभाई म्हणाले.

राजेश्वरीनं कॉम्प्युटरला दरपत्रक मागितलं. कॉम्प्युटर आमच्यासारखा नाही. त्याला सांगितलेलं तो लक्षात ठेवतो. त्यानं प्रत्येक लॉटचं नाव, वजन आणि दर अशी पानांमागून पानं काढली. सगळ्यांत वर सीतारामभाऊ, बैलांच्या वैरणीसकट. त्यात प्रत्येक नाव निदान दोनदा होतं, कारण बयाबाईंनी ओढ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन लॉट केल्यावर सगळ्यांनीच आपापल्या खाचरांत अलीकड-पलीकड शोधलं होतं.

याह्याभाई स्वतः गाडी घेऊन आले. मोठा शांत माणूस. पानं हातात घेऊन त्यांनी ती सगळी वाचली, हे मी पाहिलं. मग ती नीट घडी करून टेबलावर ठेवली.

"राजेश्वरीताई," ते म्हणाले, "मला भात शिजवायचाय. मतदान नाही घ्यायचं."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात एक पिंप, त्यात एक तांदूळ. आज सीतारामभाऊंचा, उद्या बयाबाईंचा पलीकडचा, असं करून चालत नाही. प्रत्येकाला पाणी वेगळं लागलं तर आचारी पळून जाईल. वानगीत आला होता तोच तांदूळ, एका दरानं, एकसारख्या पोत्यांत. शनिवारपर्यंत जमलं तर बघा, नाहीतर भोरकडचा एक जण मागं लागलाय, एवढं बोलून ते गेले.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी पप्पू टेप घेऊन गोदामाची लांबी-रुंदी मोजून गेला. राजेश्वरीनं त्याला टेपचं दुसरं टोक धरून दिलं.

मी कोंबड्यांसाठी कोंडा न्यायला गिरणीत गेलो होतो. ती कॉम्प्युटरसमोर बसली होती, आणि चेहऱ्यावर काळजी म्हणावी असं काही नव्हतं. उलट एखाद्याला वाटेत पडलेली किल्ली सापडावी तसं काहीतरी होतं. मी विचारलं, काय झालं.

"काका, गंमत बघा. याह्याभाईंना जो तांदूळ आवडला ना, तो आपल्या कॉम्प्युटरमध्ये कुठंच नाही. इतके लॉट केले आपण, पण तो एक राहिला."

मी म्हणालो, तो तर मुठी-मुठीचा होता. मग आता सगळ्यांना ते सांगून टाक.

ती म्हणाली, "मी सांगितलं तर ऐकतील होय कुणी? त्यांचं त्यांना सांगू द्या." आणि माझ्या पिशवीत कोंडा भरून दिला. मग याह्याभाईंना फोन लावून तिनं एकच विनंती केली: शनिवारी येताना भाभींच्या हातचा तोच भात घेऊन या. मोठ्या डब्यात.

शनिवारी सगळी सभा जमली. पप्पूही होता, दाराशी, तंबूच्या दोन गुंडाळ्या जीपमध्ये घालूनच आला होता. याह्याभाईंनी ॲल्युमिनियमचा मोठा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. इंद्रायणीची वाफ काय असते हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून उपयोग नाही. राजेश्वरीनं पानाच्या द्रोणांत दोन-दोन घास वाढले, वर तुपाचा थेंब. म्हणाली, आपल्या गावचाच तांदूळ आहे, याह्याभाईंना हाच हवाय. फक्त कुणाचा ते ओळखून द्या.

विचार करायला सगळ्यांना वेळ होता, पण तोंडात भात होता.

पहिले बोलले सीतारामभाऊ. डोळे मिटून त्यांनी घास संपवला आणि म्हणाले, "ह्यात वळकायचं काय? डोंगराचं पानी बोलतंय. माजाच हाय."

भिकाजीआबा बराच वेळ नुसते हसत होते. "भाऊ, तुजा असा मऊ कदी झालाय का? माजा हाय ह्यो. घरी रोज खातो मी."

"रोज खातोस ते तुज्या तोंडाकडं बगून वाटत न्हाई," भाऊ म्हणाले.

बयाबाईंनी दोघांकडे बघितलंही नाही. त्या द्रोण वर धरून म्हणाल्या, "पलीकडचा हाय. वड्याच्या पलीकडचा. आंदळ्यालाबी कळंल." सकाळच्या उन्हावाला आपलं ऊन घेऊन उठला. मागच्या रांगेतून आणखी आवाज यायला लागले. मारुतीआबा अध्यक्ष असल्यामुळे शेवटपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, वाद घालू नका, तांदूळ माझा आहे.

राजेश्वरीनं सगळं संपू दिलं. मग इतिवृत्ताची वही उघडून म्हणाली, नोंद करायची म्हणजे नीट व्हायला हवी. "ज्यांचा ज्यांचा हा तांदूळ आहे त्यांनी हात वर करा."

सभेत असलेला प्रत्येक हात वर गेला. माझा हात त्यांच्या थोडा आधीच वर होता. तांदूळ खरंच माझाच वाटत होता. राखणी केलेल्या तांदळाची चव वेगळी लागते.

तिनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: सदर तांदूळ आपला असल्याचं सर्व सभासदांनी चव घेऊन, एकमतानं सांगितलं. मारुतीआबांनी सही केली. आबा सही आधी करतात आणि विचार नंतर, ही त्यांची जुनी पद्धत.

"याह्याभाई, हा तांदूळ कुठला?" राजेश्वरीनं विचारलं.

"तुम्ही पाठवलेली वानगी," याह्याभाई म्हणाले. "त्याच पिशवीतला."

पुन्हा ती शांतता पसरली. यावेळी कुणी गेलं नव्हतं आणि वर्गणीही नव्हती. प्रत्येकाला ती पिशवी, ती रांग आणि आपली मूठ आठवत होती. माझा नाही म्हणावं तर हात वर करून झालेला, आणि तो शेजाऱ्यानं पाहिलेला. माझा आहे म्हणावं तर शेजाऱ्याचाही तो तितकाच. सीतारामभाऊ भिकाजीआबांकडे बघत होते. त्यांच्या तोंडात अजून आबांचा थोडा तांदूळ होता, आणि तो त्यांनी डोळे मिटून खाल्ला होता.

बयाबाई पहिल्या हसल्या. मग हळूहळू सगळेच.

भाऊंनी मात्र एक खुंटी धरून ठेवली. "म्हंजी आता आमचं नाव जानार म्हन की. समदं एकाच ढिगात."

"नाव कुठं जातंय भाऊ?" राजेश्वरी म्हणाली. "कुणी किती घातला ते ज्याच्या त्याच्या नावावर तसंच राहणार. किंमत तेवढी सगळ्यांची एक."

असं कॉम्प्युटरला जमतं का, असं मारुतीआबांनी विचारलं. राजेश्वरीनं तिथल्या तिथं अपेक्षाला फोन लावून आवाज मोठा केला. अपेक्षा म्हणाली, जमतं, एका मिनिटाचं काम आहे, आणि मी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी सभेला आठवण करून दिली, की तेव्हा भजी आली होती. ते सगळ्यांना पटलं. दराचं याह्याभाईंनी सांगून टाकलं. तो कामशेतच्या दरापेक्षा चांगला वर होता आणि आमच्या बैलांच्या वैरणीपेक्षा बराच खाली. टोलनाका गेला, पण तांदूळ विकला गेला. दाराशी पप्पूनं जीप सुरू केली. राजेश्वरीनं त्याला हाक मारून द्रोणभर भात दिला आणि सांगितलं, की तंबूत उतरणाऱ्या पाहुण्यांना जेवायला तांदूळ लागत असेल तर दर कळवते, एकाच पानावर. पप्पूनं जीप बंद करून भात संपवला. त्या सोमवारी त्याची मागणी आली.

मंगळवारी सगळे लॉट एकत्र ओतायचे होते. इथं पुन्हा घोळ होणार अशी माझी खात्री होती, कारण पहिलं पोतं कुणाचं हा प्रश्न होताच. राजेश्वरीनं सीतारामभाऊ आणि भिकाजीआबांना समोरासमोर उभं केलं आणि दोघांच्या दोऱ्या एकदम कापायला लावल्या. दोन्ही बाजूंनी तांदूळ घसरत आला आणि मधे मिसळला. बांध नव्हता, त्यामुळे कुणाचा कुठला ते दिसेना. दोघं वाकून थोडा वेळ बघत राहिले. मग आबा म्हणाले, "भाऊ, वास येतोय बग तुजा." भाऊ म्हणाले, खालून येतोय. आमच्या गावात याला समेट म्हणतात.

प्रत्येक पोत्यावर सगळ्यांची नावं छापायची बाकी होती. ओळीनं छापली तर वर कोण, खाली कोण हे आलंच. म्हणून राजेश्वरीनं ती गोल छापून घेतली, थाळीच्या काठासारखी, मधे कंपनीचं नाव. गोलाला पहिला नसतो आणि शेवटचाही नसतो. मारुतीआबांनी शोधायचा प्रयत्न केला, पण नाहीच सापडला.

होळीच्या दोन दिवस आधी लोणावळ्याचा ट्रक भरला. पोती रचून झाली, ताडपत्री ओढायची तेवढी राहिली. तेवढ्यात सीतारामभाऊ चाकावर पाय देऊन वर चढले आणि एकेक पोतं असं फिरवायला लागले की त्यांचं नाव वरच्या बाजूला यावं. ते पुढं सरकले की मागून भिकाजीआबा चढून तेच पोतं अर्धा वळसा फिरवायचे. बयाबाई खालून सांगत होत्या, अजून थोडं, अजून थोडं, आणि त्यांचं नाव आलं की म्हणायच्या, आता राहू दे.

ट्रकवाला वैतागून राजेश्वरीकडे बघायला लागला. ती गोदामाच्या दाराशी किल्ल्यांचा जुडगा बोटात घालून उभी होती. म्हणाली, "फिरवू द्या. तांदूळ आतला तोच आहे."

ट्रक अर्धा तास उशिरा निघाला. पण निघाला, आणि गच्च भरून निघाला. मी माझी दोन पोती कुठं आहेत ते बघायचा प्रयत्न केला. दिसली नाहीत. सगळीच माझी वाटत होती.